नकली बंदूक आणि नाट्यसत्य

नाटकाची समीक्षा करताना आम्ही संवाद, स्वभावरेखा, रस, संघर्ष यांचा विचार करतो. चित्रपटाच्या समीक्षेत त्यांच्या जोडीला छायालेखन, संकलन आणि संगीत यांची भर घालतो. पात्राच्या हातात जी वस्तू असते तिच्याकडे मात्र आमच्या समीक्षेचे लक्ष क्वचितच गेलेले आहे. राजाच्या हातातील तलवार, पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल, डाकूच्या खांद्यावरील बंदूक या वस्तू साहित्यविचाराच्या कक्षेत येत नाहीत, त्या सामान सांभाळणाऱ्या माणसाच्या यादीत असतात, अशी आमची समजूत आहे. परंतु आज खेड्यापाड्यांत सर्वांत अधिक पाहिले जाणारे नाट्य म्हणजे मारधाडीचा चित्रपट. तो आता चित्रगृहापुरता राहिलेला नाही; मुलांच्या तळहातावर मावणाऱ्या दूरध्वनीच्या पडद्यावरही तो अष्टौप्रहर चालू असतो, आणि त्यात सर्वांत अधिक वेळा नजरेस पडणारी वस्तू बंदूक हीच आहे. तेव्हा पडद्यावरची ही बंदूक खरी केव्हा ठरते, हा प्रश्न शिक्षकांनी आणि साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा नीट तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाला भरतमुनींनी फार पूर्वी हात घातलेला आहे. आहार्याभिनयाचे विवेचन करताना रंगभूमीवरील कृत्रिम वस्तूंना त्यांनी 'पुस्त' ही संज्ञा दिली आणि संधिम, व्याजिम व वेष्टिम असे पुस्ताचे तीन प्रकार सांगितले. म्हणजे काही वस्तू सांधून केलेल्या, काही यांत्रिक युक्तीने हलणाऱ्या, तर काही वस्त्रादिकांनी गुंडाळून सिद्ध केलेल्या. शस्त्रांविषयी त्यांचे मत अगदी स्पष्ट आहे. रंगभूमीवरील शस्त्रे लोखंडाची व जड नसावीत. लाकूड, चामडे, वस्त्र, लाख, वेळू अशा हलक्या द्रव्यांची असावीत, कारण जड शस्त्राच्या भाराने नट थकून जाईल. शिवाय शस्त्राने प्रत्यक्ष छेद वा भेद करू नये, रक्त वाहू देऊ नये. शिकून कमावलेल्या अंगविक्षेपाने व संकेताने प्रहार सूचित करावा. येथे केवळ इजा टाळण्याचा विचार आहे असे कोणी समजू नये. नटाचे शरीर अभिनयाला मोकळे राहिले पाहिजे हा त्यातील मुख्य विचार आहे. शस्त्र जितके खरे, तितका नट त्याचा हमाल होतो, असेच जणू भरतमुनींना सुचवावयाचे आहे.

आता चित्रपटाकडे वळू. मारधाडीच्या चित्रपटात ज्या बंदुका दिसतात त्या स्थूलमानाने तीन जातींच्या असतात. पहिली जात खऱ्या बंदुकीची. तिच्यात गोळी नसलेले कोरे काडतूस घालतात. अशा काडतुसात दारू असते, पण पुढे शिशाची गोळी नसते; तोंड चुरगाळून किंवा कागदाचा वा तत्सम पदार्थाचा बोळा बसवून ते बंद केलेले असते. घोडा दाबताच ज्वाळा दिसते, आवाज होतो, धूर निघतो. दुसरी जात केवळ कोरे काडतूस उडविण्यासाठी घडविलेल्या वा तशी दुरुस्ती केलेल्या हत्यारांची. तिसरी जात निव्वळ प्रतिकृतींची. त्या लाकडाच्या, रबराच्या, राळेच्या किंवा हलक्या धातूच्या साच्यांतून ओतलेल्या असतात. पळापळीत, पडापडीत आणि दूरच्या दृश्यांत रबरी बंदूक वापरतात, म्हणजे नट पडला तरी त्याच्या बरगडीला इजा होत नाही. आमच्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ साली जे नियम झाले, त्यांत अशा प्रतिकृतींचीही दखल घेतलेली आहे. खोटी बंदूक ही वाटते तितकी निरुपद्रवी वस्तू नव्हे, हे कायद्यालाही जाणवले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. रंगभूमीचा प्रेक्षक दूर बसतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याच्या तलवारीला बेगड लावली की काम भागते. शेवटच्या रांगेतील पालकाला ती लखलखताना दिसते आणि तेवढे त्याला पुरे होते. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो नटाच्या बोटांपर्यंत जातो, नळीवरचा ओरखडासुद्धा टिपतो. तेव्हा भरतमुनींचा नियम चित्रपटाला कसा लागू व्हावा? आक्षेप विचारार्ह आहे. पण जरा पृथक्करण केले की त्याचे बळ कमी होते. डोळ्याला जे हवे ते उत्तम प्रतिकृती देऊ शकते. कानाला जे हवे ते बहुधा चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच तयार होते. पडद्यावर ऐकू येणारा बार हा पुष्कळदा अनेक आवाजांची जुळणी असतो. नळीच्या तोंडाशी चमकणारी ज्वाळा आता संगणकाच्या साहाय्याने मागाहून भरता येते. मग उरते काय? उरतो नटाचा हात. हत्यार उचलताना मनगटावर आलेला ताण, बार उडताच खांद्याला बसलेला धक्का, आणि नंतर चेहऱ्यावर पसरलेली भीती अथवा क्रूरता. ही सर्व अभिनयाची मालमत्ता आहे. ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. कॅमेरा जवळ आला म्हणून नटाची जबाबदारी वाढली. शस्त्र खरे असण्याची गरज त्यामुळे वाढली, असे मुळीच नाही.

खरेपणाच्या हट्टाची किंमत किती पडते हेही जगाने पाहिलेले आहे. १९८४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत एका दूरदर्शन मालिकेच्या चित्रीकरणात जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने कोऱ्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर थट्टेने आपल्या कानशिलाला लावून घोडा दाबला. गोळी नव्हती, परंतु इतक्या जवळून नुसत्या स्फोटाच्या आघातानेही कवटी फुटली, आणि काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. ३१ मार्च १९९३ रोजी ब्रॅंडन ली हा नट 'द क्रो' या चित्रपटाचे काम करीत असताना मृत्यू पावला. आधीच्या एका दृश्यासाठी वापरलेल्या दिखाऊ काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. पुढे कोरे काडतूस उडविताच त्याच्या दारूने ती बाहेर लोटली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट' चित्रपटाच्या तालमीत रिव्हॉल्व्हरमधून जिवंत गोळी सुटली आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स ठार झाल्या. त्यानंतर काही निर्मात्यांनी यापुढे खऱ्या बंदुका न वापरण्याचा निर्णय जाहीर केला. या तीन घटनांचे स्वरूप निरनिराळे असले तरी त्यांचे मूळ एकच दिसते. खरी वस्तू खोटी म्हणून हाती दिली गेली आणि ज्याच्या हाती ती आली त्याने ती खोटीच समजली. खोट्याला खरे भासविणे ही कला होय. खऱ्याला खोटे समजणे हा मात्र प्रमादच.

नाट्यगृहातील खऱ्या पिस्तुलाचा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासातही आहे, आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन त्या प्रयोगाला आले असता अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या तरुणाने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडून त्यांचा वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ज्या नाटकासाठी ही मंडळी जमली होती ते जरठ-कुमारी विवाहावरील. त्यात बंदुकीचे नावही नाही. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहावी. खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक १९०७ पासून रंगभूमीवर गाजत होते. त्यातही बंदूक नाही. भीमसेन कीचकाला मारतो तो आपल्या बाहुबळाने. तरी १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. कीचकात लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीत पराधीन भारतमाता प्रेक्षकांना दिसत होती, आणि सरकारलाही ती दिसली. पिस्तुलाचा बार करणाऱ्याला जसे सरकार भ्याले, तसेच ते शस्त्रहीन नाटकालाही भ्याले. रंगभूमीवरील प्रहाराचे सामर्थ्य हत्याराच्या धातूत नसून त्याच्या अर्थात असते, याचा यापेक्षा निःसंदिग्ध पुरावा तो कोणता हवा? पुढे १९२० साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात हीच कथा 'सैरंध्री' या मूकपटात आणली. त्यातील कीचकाचा शिरच्छेद इतका हुबेहूब वठला की प्रेक्षक हादरले व ते दृश्य पुढे गाळावे लागले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. नाटकात अर्थाने जे साधले, ते चित्रपटात आभासाने साधू लागले. मारधाडीच्या चित्रपटाची पुढील वाटचाल या दोन शक्तींच्या ओढाताणीतून झाली आहे.

अर्थ आणि आभास यांचा उत्तम मेळ पाहावयाचा तर १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'कडे जावे लागते. हा हिंदी चित्रपट आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी एकाहून अधिक वेळा पाहिला असेल. त्यातील गब्बरसिंग आणि त्याचे हरलेले तीन साथीदार यांचा प्रसंग आठवावा. त्या तिघांतील कालिया ही भूमिका विजू खोटे या मराठी नटाने केलेली आहे. रिव्हॉल्व्हरला सहा घरे. गब्बर तीन गोळ्या हवेत उडवितो, चक्र फिरवितो, आणि माणसामागून माणसावर घोडा दाबतो. तीनही वेळा घर रिकामे निघते. सगळे खदाखदा हसू लागतात. पण ज्याने मोजदाद ठेवली आहे त्या प्रेक्षकाला पुढचे गणित कळते. तीन रिकामी घरे संपली म्हणजे उरली ती भरलेली. त्या हास्यात मृत्यू आहे हे त्या अभाग्यांना कळण्यापूर्वी प्रेक्षकाला कळते, आणि अंगावर काटा उभा राहतो तो याच क्षणी, बार होण्याच्या आधी. या प्रसंगातील हत्यार खरे होते की प्रतिकृती होती याची चौकशी करावी असे कोणालाही वाटत नाही. भीती निर्माण केली ती सहा या संख्येने, आणि त्या संख्येशी लेखक-दिग्दर्शक प्रामाणिक राहिले म्हणून.

याच चित्रपटात आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. सचिन पिळगावकरांनी रंगविलेल्या अहमदचा वध पडद्यावर दिसत नाही. गब्बर आपल्या हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढे घोड्यावरून त्या मुलाचे प्रेत गावात येते. शस्त्र नाही, बार नाही, आणि तरी त्या प्रसंगी आंधळ्या बापाभोवती उभे राहिलेले सारे गाव निःशब्द होते. दुसरी गोष्ट ठाकुराची. ज्याला सूड घ्यावयाचा आहे त्याला हातच नाहीत; बंदूक धरणे त्याला शक्य नाही. म्हणून तो दुसऱ्यांचे हात भाड्याने आणतो. बंदुकांनी भरलेल्या या चित्रपटाचे हृदय असे एका निःशस्त्र माणसापाशी आहे. त्याचे अनुकरण करणाऱ्या कित्येक चित्रपटांनी त्यातील बंदुका उचलल्या. हे हृदय मात्र त्यांना उचलता आले नाही.

मराठीपुरते बोलावयाचे तर जयू व नचिकेत पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' या १९७९ सालच्या चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्य आहे. महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ ठार झाला, रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी, आणि वासुदेव, महादेव रानडे व बाळकृष्ण यांना १८९९ च्या मे महिन्यात फाशी झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हिंदी माणसाला बंद झाले होते. अशा काळात पिस्तूल मिळविणे, लपविणे आणि ते चालविण्याची वेळ येईपर्यंत वाट पाहणे हेच एक मोठे नाट्य होते. बार उडण्याला क्षण लागतो. त्या क्षणाच्या अलीकडे प्लेगच्या झडतीत विटंबना झालेली घरे आहेत, आणि पलीकडे एकाच आईचे तीन मुलगे फासावर जातात. चित्रपटाचे नाव एका तारखेचे, पण त्याचा विषय त्या तारखेच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. म्हणून त्यातील पिस्तुलाला वजन येते. हे वजन तराजूत घालून मोजता येणार नाही.

एका गोळीने केवढे मोठे काम होते याची आणखी दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. १९५७ च्या 'मदर इंडिया'त आई आपल्या बिरजूवर बंदूक चालविते. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये महेश मांजरेकरांनी तीच परिस्थिती मुंबईच्या चाळीतल्या मराठी घरात आणली, आणि रीमा लागूंनी रंगविलेली आई मुलाच्याच विनवणीवरून त्याला सोडविते. दोन्ही ठिकाणी बंदूक ज्या हातांत येते ते हात तिच्यासाठी नाहीत, हे प्रेक्षक जाणतो. त्यामुळे ती लाकडाची असो वा लोखंडाची, तिचा भार त्या हातांना पेलवत नाही असे त्याला दिसते.

याच्या उलट बाजूला ज्या चित्रपटांचा ढीग पडलेला आहे, त्यांत नायकाच्या पिस्तुलाला तळच नसतो. सहा घरांतून अकरा गोळ्या सुटतात. मरणाऱ्याला नाव नसते, घर नसते, त्याच्यासाठी रडणारे कोणी नसते. तो केवळ पडण्यासाठी उभा असतो. शिवकालावरील काही चित्रपटांतही हाच दोष वेगळ्या रूपाने शिरतो. तोड्याची बंदूक भरावयाची म्हणजे दारू ओतावी, गोळी ठासावी, कानावर दारू ठेवावी, पेटता तोडा सांभाळावा. दोन बारांमधील या अवकाशातच तलवारीचा पराक्रम घडत असे. तो अवकाश काढून टाकला की बंदूक खोटी ठरते, आणि तिच्याबरोबर मावळ्याचे शौर्यही खोटे ठरते. मग संग्रहालयातून अस्सल तोड्याची बंदूक आणून नटाच्या हाती दिली तरी काय उपयोग?

आता आम्ही आमच्या मुलखाकडे वळतो, कारण खरे आणि नकली यांचा हा प्रश्न आमच्या दारात दरवर्षी उभा राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर-विदर्भात, आणि त्याला लागून असलेल्या आमच्या सौंसर-मोहगावच्या पट्ट्यात, तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून मिरवितात, दारोदार नेतात, आणि थोरमंडळी त्या नंदीची पूजा करून मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात. नंदी लाकडाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याने कोणाचेही काही बिघडत नाही. त्याच दिवशी, २०२३ पासून जिल्ह्याचे ठाणे झालेल्या पांढुर्ण्याला, जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्यभागी पळसाचे झाड व त्यावर निशाण. एका काठाला पांढुर्णेकर, दुसऱ्या काठाला सावरगावकर. आणि मधे खऱ्या दगडांचा वर्षाव. माणसे जायबंदी होतात, काही प्राणासही मुकलेली आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत व पुन्हा दगड उचलले.

एकाच दिवशी, काही कोसांच्या अंतरावर, लाकडी नंदी स्वीकारला जातो आणि रबरी चेंडू नाकारला जातो, याचे कारण काय असावे? आम्हांस असे वाटते की, नंदीच्या पाठीशी समाजाने निर्माण केलेला संकेत आहे. पूजा आहे, बोजारा आहे, मुलाचा मान आहे. चेंडूच्या पाठीशी यांपैकी काहीच नव्हते. तो एका हुकुमाने वरून आला. प्रतिकृतीला प्राण येतो तो तिच्याभोवती रचलेल्या श्रद्धेतून व कथेतून. ही कथा ज्या ठिकाणी नाही त्या ठिकाणी नकली वस्तू नकलीच राहते, आणि मग माणसाला खऱ्या दगडाची, खऱ्या रक्ताची तहान लागते. चित्रपटालाही हाच न्याय लागतो. कथेने आपल्या बंदुकीला अर्थ दिला नाही म्हणजे दिग्दर्शक तिचा आवाज वाढवितो, संख्या वाढवितो, रक्त वाढवितो. शेवटी खऱ्या हत्यारापर्यंत जातो. आशयाचे दारिद्र्य दारूने भरून काढण्याचा हा प्रयत्न होय.

यात शिक्षकांचा संबंध कोठे येतो, असे कोणी विचारील. आमच्या मते तो पुष्कळच येतो. दिवाळीतील टिकल्यांचे पिस्तूल मुलाच्या हातातून काढून घेतल्याने किंवा मारधाडीचे चित्रपट पाहू नका असे फळ्यावर लिहिल्याने फारसे काही साधणार नाही. पोरे खेळणारच, आणि खेळात बंदूक येणारच. काळजीची गोष्ट निराळी आहे. बंदुकीला वजन नसते, तिची गोळी संपत नाही आणि तिच्यापुढे पडलेल्या माणसाला आई नसते, असे मूल पडद्यावरून नकळत शिकत असते. ही शिकवण पुसावयाची तर त्याला नीट पाहावयास शिकविले पाहिजे. मराठीच्या तासाला ज्याप्रमाणे आम्ही कवितेतील एखादा शब्द तेथेच का आला असे विचारतो, त्याप्रमाणे मुलांना विचारावे : या पिस्तुलात गोळ्या किती होत्या? सुटल्या किती? जो पडला त्याचे नाव तुम्हांला कळले काय? त्याच्या घरी निरोप घेऊन कोण गेले? हे हत्यार कथेतून काढून टाकले तर कथेचे काही अडते काय? ज्या चित्रपटाला या प्रश्नांची उत्तरे देता येतात त्याचे मोल मुले आपणहून ओळखतील, आणि ज्याला देता येत नाहीत त्याचा पोकळपणाही त्यांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही.

साहित्य संस्थांनीही आपली अनास्था सोडावी. नाट्यछटा, एकांकिका, कादंबरी यांवर आम्ही परिसंवाद भरवितो. परंतु ज्या चित्रपटांवर आमच्या विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती पोसली जाते त्यांची गंभीर चिकित्सा आम्हांला कमीपणाची वाटते. ही सोवळी वृत्ती आता परवडणारी नाही. भरतमुनींनी लाखेच्या आणि वेळूच्या शस्त्रांचा विचार करण्यात कमीपणा मानला नाही; मग रबराच्या बंदुकीचा विचार करताना आम्ही का संकोचावे?